कमान शेवटी, नाली आधी: गावातली जुनी समाधी किंवा दर्गा गावानेच सांभाळायचा तर

विदर्भातल्या गावाच्या शिवेवर, टेकडीवर नाहीतर नाल्याकाठी एखाद्या महाराजांची समाधी, बाबांचा दर्गा किंवा जुन्या घराण्यातल्या कुणाची छत्री म्हणजे घुमटीचं स्मारक हमखास असते. वर्धा जिल्ह्यात गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांच्या दर्ग्याला हिंदू-मुसलमान सारख्याच श्रद्धेनं जातात. बुलढाणा जिल्ह्यात सैलानीला होळीच्या सुमारास लाखांनी माणूस जमतो, आणि सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांची समाधी पाहायला लांबून लोक येतात. हा लेख अशा मोठ्या ठिकाणांसाठी नाही. वर्षातून एक यात्रा, गुरुवारी पन्नास-शंभर माणसं, आणि आता मोबाइलवर फोटो पाहून रविवारी बाहेरगावच्या गाड्या यायला लागल्यात, अशा गावासाठी आहे.

अशा गावात निधी आला की आधी कमान उभी राहते. मग पेव्हर ब्लॉक, मग स्टीलचं रेलिंग, मग ऑइल पेंट. चार-पाच पावसाळे गेले की घुमटाच्या आतून पोपडे सुटतात आणि गाव म्हणतं, "जुनं बांधकाम आहे, चालायचंच." खरं तर ते जुनं बांधकाम नव्या कामानं बिघडलेलं असतं. म्हणून कामं ज्या क्रमानं हाती घ्यायची, त्याच क्रमानं इथे मांडली आहेत.

आधी कागद

तलाठ्याकडून सातबारा काढा आणि "इतर हक्क" हा रकाना नीट वाचा. समाधीची जागा कुणाच्या शेतात आहे, सरकारी आहे, गावठाणात आहे की ट्रस्टच्या नावावर, हे तिथूनच कळायला लागतं. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूरकडच्या गावांत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हेही मागा. स्मशान, कब्रस्तान, गुरांची वाट, पाणवठा यांवरचे गावाचे जुने हक्क त्यात लिहिलेले असतात आणि सातबाऱ्यावर न दिसणारी नोंद तिथे सापडते. वऱ्हाडात अशी जागा बरेचदा ई-क्लासमध्ये निघते. मग ती सरकारची असते आणि गावाला वाटतं म्हणून तिच्यावर बांधकाम करता येत नाही. गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 पाहा. त्यानंतर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करून हद्दीचे दगड रोवून घ्या. शेजारच्या शेतकऱ्याशी धुऱ्यावरून वाद व्हायचाच असेल तर तो पर्यटक यायच्या आधी होऊन मिटलेला बरा.

वास्तू संरक्षित आहे का, हा दुसरा प्रश्न. केंद्र संरक्षित असेल तर 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्याला 2010 मध्ये जोडलेली तरतूद लागू होते: हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या 200 मीटरपर्यंत परवानगी घेऊनच. ही परवानगी सभामंडप, दुकानाचा ओटा, अशा छोट्या बांधकामालाही लागते. विदर्भासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ नागपूरला आहे. राज्य संरक्षित असेल तर राज्याचा 1960 चा कायदा आणि राज्याचं पुरातत्त्व संचालनालय. त्यांच्या महाराष्ट्र वैभव संगोपन योजनेत स्मारकाच्या देखभालीसाठी संस्थेला करार करता येतो. बहुतेक गावांतल्या समाध्या मात्र कुठल्याच यादीत नसतात. तिथे अडवायला कुणी येत नाही, आणि म्हणूनच तिथे नुकसान सर्वांत जास्त होतं.

तिसरा प्रश्न संस्थेचा. समाधी, मठ किंवा संस्थान असेल तर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद आहे का ते पाहा. नोंद असते, पण विश्वस्तांपैकी तिघं वारलेले आणि दोघं पुण्याला, ही नेहमीची अवस्था. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत कलम 22 चा बदल अर्ज द्यावा लागतो. तो वर्षानुवर्षं दिलेला नसेल तर आधी ते दुरुस्त करा, नाहीतर बँक सह्याच मानत नाही. दर्गा वक्फ मंडळाकडे नोंदलेला असेल तर मुतवल्लींच्या (वक्फची व्यवस्था पाहणाऱ्यांच्या) संमतीशिवाय एक वीटही हलवू नका. वक्फ कायद्यात 2025 मध्ये बदल झाले आहेत, तेव्हा जुन्या माहितीवर न राहता आजचा नियम लेखी विचारून घ्या. गडचिरोली, मेळघाट आणि इतर अनुसूचित क्षेत्रांतल्या गावांत पेसा कायद्यामुळे ग्रामसभेचा शब्द मोठा आहे. तिथे पाड्याची ग्रामसभा वगळून तालुक्यात ठरवलेली योजना चालवू नये.

चढावा कुणाचा

सगळ्यात अवघड काम हेच, आणि बहुतेक गावं ते टाळतात. मुजावर, गुरव, पुजारी किंवा महाराजांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या दिवाबत्ती करत आलेले असतात. नारळ, चादर, दक्षिणा यांवर त्यांची पाळी ठरलेली असते. पाहुणे वाढले की उत्पन्न वाढतं, गावात समिती होते, आणि समितीला वाटतं की हे गावाचं आहे. मुजावरांना वाटतं, आमच्या आजोबांनी अंधारात दिवा लावला तेव्हा समिती कुठं होती? दोघांचंही खरं असतं. हे आधी बोलून घेतलं नाही तर प्रकरण कोर्टात जातं, दानपेटीला सील लागतं आणि घुमटावरचा पिंपळ निवांत वाढत राहतो.

म्हणून शंभर रुपयांचाही निधी मागण्याआधी एक बैठक घ्या आणि साध्या मराठीत करारनामा लिहा. त्यात हे स्पष्ट असावं: समाधीपाशी हातात दिलेली दक्षिणा, नारळ आणि चादर पाळीवाल्या घराची; कुलूपबंद पेटीतलं आणि क्यूआर कोडवर आलेलं सगळं वास्तूचं; पार्किंग, दुकानाचा ओटा यांचं भाडं ज्याची जागा त्याच्या खात्यात; पूजा, फातिहा, संदल, आरती कशी आणि केव्हा, हे ठरवण्याचा हक्क पूर्वी ज्यांचा होता त्यांचाच. समितीने पूजेत हात घालायचा नाही, पाळीवाल्यांनी दुरुस्तीच्या पैशात. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक घरातल्या एकाची सही, ग्रामसभेत वाचन आणि ठरावाच्या वहीत नोंद.

समिती अकरा जणांची पुरते. पाळीवाल्या घरांतले तीन, विश्वस्तांपैकी दोन, ग्रामपंचायतीचा एक, महिला बचत गटांच्या दोन, दुकानदारांचा एक, गवंडी किंवा बांधकाम कळणारा एक, आणि ज्या वस्तीचा रस्ता किंवा पाणी पाहुण्यांमुळे वापरलं जाणार त्या वस्तीतला एक. हा शेवटचा माणूस विसरला जातो. गाड्यांची धूळ ज्यांच्या दारात उडते त्यांचं ऐकून घेतलं नाही, तर एक दिवस रस्त्यावर बंडी आडवी लागते.

दानपेटीला दोन वेगळी कुलपं, किल्ल्या दोन वेगळ्या घरांत. महिन्यातला एक वार ठरवा, उदाहरणार्थ दर महिन्याचा पहिला शनिवार, सकाळी अकरा. मोजायला पाच जण, त्यांत पाळीवाल्यांचा एक आणि बचत गटाची एक असलीच पाहिजे. नोटांची मोजदाद वहीत, खाली पाच सह्या, पुढच्या कामाच्या दिवशी बँकेत भरणा, आणि आकडा खडूनं फळ्यावर. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. वरून दुसऱ्याचं स्टिकर चिकटवण्याचे प्रकार सर्रास होतात, तेव्हा दिवाबत्ती करणाऱ्याने रोज सकाळी एक रुपया पाठवून नाव तपासावं.

जमिनीखाली कोण आहे

मुख्य समाधी कधीच एकटी नसते. शिष्य, सेवेकरी, गावातली जुनी माणसं, साथीत गेलेली लेकरं आजूबाजूला पुरलेली असतात. काहींवर दगडाचा चौथरा असतो, काहींवर फक्त उशापायथ्याला दोन धोंडे, काहींवर तेही नाही. संडासाचा खड्डा किंवा विजेचा खांब अशा जागी गेला की ते दुखणं गावात पिढीभर राहतं.

दोन रविवार काढा. पहिल्या दिवशी सत्तरीच्या पुढच्या पाच-सहा बायामाणसांना जागेवर आणून "इथं कुणी आहे का?" असं पावलापावलावर विचारत फिरा. बायांना मुद्दाम विचारा. लेकरं कुठं ठेवली ते त्यांना आठवतं. खूण म्हणून चुन्याची फक्की टाका, खुंटी ठोकू नका. दुसऱ्या दिवशी टेप लावून समाधीच्या चार कोपऱ्यांपासून प्रत्येक खुणेचं अंतर मोजा, आलेखाच्या कागदावर 1 सेंटिमीटरला 1 मीटर या मापानं नकाशा काढा आणि क्रमांक द्या. क्रमांक कागदावरच ठेवा, दगडावर रंगवू नका. प्रत्येक कबरीचा चार बाजूंनी फोटो घ्या, शेजारी शाळेतली फूटपट्टी उभी ठेवून. पुढे चोरी झाली, दगड सरकला किंवा दुरुस्ती करायची झाली, तर हेच फोटो कामी येतात.

आणि जेसीबी आवारात आणू नका. सिंदखेडराजाला 2024 मध्ये लखुजीरावांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याचं काम चालू असताना जमिनीखालून मंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली. हातानं, थराथरानं खोदत होते म्हणून ती शाबूत मिळाली. बकेटचा एक घाव पडला असता तर तिचे तुकडेच हाती आले असते. गावात खोदताना असं काही निघालं तर काम तिथेच थांबवा, वस्तू उचलू नका, फोटो घ्या, वर ताडपत्री घाला आणि तहसीलदारांना लेखी कळवा. 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांवरच्या किमतीचं जमिनीत सापडलेलं काहीही जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.

पाण्याची वाट

विदर्भातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीवर उभी असलेली समाधी वर्षातून एकदा वर आणि एकदा खाली होते. शेकडो वर्षं ती तग धरून असते, कारण पायाभोवतीचं पाणी निघून जात असतं. आपण ते अडवलं की भिंत फाटते.

मृगाच्या पहिल्या दोन जोरदार पावसांत छत्री घेऊन तिथे उभे राहा. पाणी कुठून येतं, कुठं साचतं, किती वेळानं उतरतं, हे नकाशावर निळ्या पेनानं लिहा. इंजिनिअरच्या अंदाजपत्रकापेक्षा हा कागद जास्त कामाचा आहे. मग उघडीप मिळाली की चौथऱ्यापासून बाहेर 3 मीटरपर्यंत उतार द्या, मीटरला 2 सेंटिमीटर. त्यासाठी बाहेरून मुरूम आणून भर घालू नका. साचलेली माती हातानं खरवडून काढा. बहुतेक ठिकाणी चौथऱ्याची खालची एक-दोन थरं मातीत गेलेली असतात आणि ती उघडी झाली की वास्तू उंच दिसायला लागते. उताराच्या शेवटी नाली: फूटभर रुंद, दीड फूट खोल, तळाला दगड, आणि शेवट नाल्यात किंवा शेततळ्यात. दुसऱ्याच्या शेतात सोडाल तर पुढच्या वर्षी तो ती बुजवेल.

पेव्हर ब्लॉक भिंतीला भिडवू नका. ब्लॉक 6 ते 8 सेंटिमीटरचा, खाली वाळूचा थर 3 ते 5 सेंटिमीटर. एकदा बसवले की जमीन अर्धा वीतभर वर येते. दहा वर्षांनी नवा सदस्य त्याच्यावर आणखी एक थर बसवतो आणि उंबरा खड्ड्यात जातो. भिंतीपासून किमान 1 मीटर पट्टा गिट्टीचा मोकळा ठेवा. जमिनीतली ओल बाहेर पडायला तीच वाट असते. ती बंद केली की ओल भिंतीतून वर चढते आणि छातीएवढ्या उंचीवर पांढरा क्षार फुटतो.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घुमटावर आणि गच्चीवर माणूस चढवा. कबुतरांची घरटी, पानं, फुटक्या पतंगाचा दोरा काढून पन्हाळी मोकळ्या करा आणि प्रत्येकीत एक बादली पाणी ओतून पाहा. दुरुस्तीतलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम हेच.

पिंपळ, चुना आणि रंग

घुमटावरचं रोप वीतभर असेल तर भर पावसात, सांधा भिजलेला असताना मुळासकट ओढा. अंगठ्याएवढं जाड झालेलं असेल तर ओढू नका, सोबत दगड निघतो. बुडापासून कापा, नवी फूट आली की परत कापा. दोन-तीन हंगामांत मूळ मरतं, मग सांधा भरा. मुळाशी मीठ, तेजाब किंवा केरोसीन ओतण्याची पद्धत गावोगाव आहे. मीठ दगडात शिरतं आणि झाड मेल्यावरही तो भाग वर्षानुवर्षं भुगा होत राहतो.

जुनी भिंत चुन्याची असते. तिच्यावर सिमेंट लावलं तर सिमेंट टिकतं आणि भिंत मरते. चुना ओल शोषतो आणि सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. पूर्वी कुणी सिमेंटचं प्लास्टर केलेलं असेल तर बोटाच्या पेरानं भिंतभर ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, ढप्प आवाज आला तिथे आत पोकळी आहे. ढप्प आलेला भाग खडूनं घेरा. तेवढाच काढा, आणि तोही हातोडी-छिन्नीनं हळू. ग्राइंडर चालवू नका.

सांधे भरायचं मिश्रण: एक भाग चुन्याचा लगदा, एक भाग सुरखी म्हणजे पक्क्या भाजलेल्या गावठी विटांचा चुरा, दोन भाग धुऊन चाळलेली नदीची वाळू. कळीचा चुना विझवून किमान महिनाभर पाण्याखाली ठेवलेला असावा. चुना विझवताना पाणी उकळतं, डोळ्यात उडालं तर डोळा जातो. चष्मा, हातमोजे आणि लेकरं लांब. सांध्यातली सुटी माती बांबूच्या काडीनं काढा, पाणी मारा, मग मिश्रण दाबून भरा, आणि वर ओला बारदाना चौदा दिवस. हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच करायचं. एप्रिलमध्ये केलं तर दुपारपर्यंत चुना सुकतो, पकडच घेत नाही, आणि गाव म्हणतं की चुन्यात दम नाही. आधी मागच्या बाजूला एक फूट बाय एक फूट तुकडा करून महिनाभर पाहा. नखानं पीठ निघत असेल तर वाळू धुतलेली नव्हती किंवा पाणी मारलेलं नव्हतं.

सफेदीची परंपरा असेल तर चुन्याचीच सफेदी करा: 1 किलो कळीच्या चुन्याला 5 लिटर पाणी, 24 तास मुरू द्या, जाड कापडातून गाळा, लिटरमागे 4 ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला. दोन पातळ हात. ऑइल पेंट एकदा लागला की तो काढताना वरचं नक्षीकामही जातं. नवसाला रंग द्यायला येणारे भक्त असतात. त्यांना नाही म्हणू नका, चुन्याचं पोतं आणि डिंक आणायला सांगा. ज्या काळ्या दगडाला कधीच सफेदी नव्हती त्याला काहीही लावू नका. नायलॉनचा मऊ ब्रश आणि साधं पाणी एवढंच.

दिवे, चादरी, आणि आतली हवा

आतली काजळी तेलाच्या दिव्याची आणि अगरबत्तीची असते. दिवा बंद करायचा नाही. एक नंदादीप किंवा चिराग आत, बाकी सगळे बाहेर, वाळू भरलेल्या लोखंडी ट्रेमध्ये. अगरबत्त्यांसाठीही वाळूची कुंडी उंबऱ्याबाहेर. तेल थेट दगडावर ओतू देऊ नका. चादरी नायलॉनच्या असतात, ठिणगी पडली की वितळत पेटतात. एका वेळी तुरबतीवर म्हणजे कबरीवर दोन-तीनच ठेवा, बाकीच्या रोज संध्याकाळी अदबीनं काढून घडी करा. दाराशी वाळूच्या दोन बादल्या आणि पाण्याची एक. जाळीच्या खिडक्या काचेनं किंवा प्लायवूडनं बंद केल्या की आत घाम सुटतो. कबुतरं नको असतील तर आतून तारेची जाळी लावा, तीही सांध्यात अडकवून, दगडाला भोक न पाडता.

रोजचे पाहुणे

उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि काळा फरशीदार चौक अनवाणी पायाला तव्यासारखा लागतो. चपला काढायच्या जागेपासून दारापर्यंत काथ्याचं पायपुसणं किंवा जाड तरटाचा पट्टा टाका, वर दिवसातून तीनदा पाणी मारा. एप्रिल-मेमध्ये पाहुण्यांची वेळ सकाळी 6 ते 10 आणि संध्याकाळी 5 नंतर अशीच जाहीर करा. दिवसाला 300 माणसं येत असतील तर प्यायला माणशी 1 लिटर, हातपाय धुवायला किंवा वजूला 5 लिटर, म्हणजे 1,800 लिटर. 2,000 लिटरची टाकी पुरते. पिण्याचं रांजणात, ओगराळ्यानं द्यायचं.

संडास बायांसाठी दोन, पुरुषांसाठी एक आणि मुताऱ्या तीन. विहिरीपासून 15 मीटरच्या आत नको, वाऱ्याच्या बाजूला नको, आणि नकाशातल्या कुठल्याच खुणेजवळ नको. झाडायला बचत गटाला महिन्याचं मानधन द्या. फुकटच्या सेवेवर संडास स्वच्छ राहत नाही.

पार्किंगला दुचाकीमागे 3 चौरस मीटर आणि चारचाकीमागे येण्याजाण्याच्या जागेसह 25 धरा. शंभर दुचाक्या आणि वीस कार म्हणजे 8 आर जागा. ती समाधीपासून दोनशे पावलं लांबच असावी. चालत येताना बोलणं आपोआप हळू होतं.

आग्या मोहोळ हा विदर्भातल्या उंच वास्तूंचा खरा धोका आहे. फेब्रुवारीपासून घुमटाखाली पोळी लटकतात आणि अत्तर, धूर, फटाके किंवा ड्रोनच्या आवाजानं माश्या उठतात. पोळं जाळू नका, दगडही काळा पडतो आणि माश्या दिवसभर फिरत राहतात. मधाचं काम जाणणाऱ्या माणसांकडून काढून घ्या, आणि तोवर तेवढा भाग दोरी लावून बंद ठेवा. फाटकाजवळच्या खोलीत दहा जुनी ब्लँकेट्स ठेवा. हल्ला झाला की ब्लँकेट घेऊन बंद खोलीकडे पळायचं. नांगी नखानं खरवडून काढायची. लहान मूल, म्हातारं माणूस किंवा खूप ठिकाणी चावलेलं कुणीही असलं की लगेच 108.

आणखी एक गोष्ट काळजीनं लिहावी लागते. अनेक दर्ग्यांवर आणि समाध्यांवर मानसिक आजार असलेल्या माणसांना घरचे आणून ठेवतात. त्यांना साखळीनं बांधणं 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंद आहे. घरच्यांची श्रद्धा असू द्या, पण औषध थांबवू देऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आठवड्यातला एक दिवस मागा, 14416 या टेलिमानस म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीच्या क्रमांकाचा फलक लावा, आणि पाहुण्यांना अशा माणसांचे फोटो काढू देऊ नका.

गोष्ट कशी सांगायची

प्रत्येक समाधीला एक आख्यायिका असते. गिरडच्या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, असं लोक सांगतात. भूशास्त्राच्या दृष्टीनं ती लाव्हाच्या खडकातल्या पोकळीत तयार झालेली झिओलाइटची खनिजं आहेत. दोन्ही सांगा, पण वेगळं सांगा. फलकावर तीन भाग करा: वास्तूवर आणि कागदावर काय लिहिलंय, लोक काय सांगतात, आणि आज इथे काय चालतं. लोककथेच्या वर "असं सांगतात" हे शब्द असू द्या. तारीख पक्की नसेल तर तारीख लिहू नका. आणि असे दगड पाहुणे खिशात घालून नेतात, तेव्हा "दगड उचलू नये" ही पाटी वाटेच्या सुरुवातीलाच हवी.

शिलालेख असेल तर त्यात खडू, शेंदूर किंवा तेल भरू नका. रात्री दोघं जा. एकानं टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा, दुसऱ्यानं समोरून फोटो घ्यायचा. दिवसा सपाट दिसणारं अक्षर सावलीनं उठून येतं. लेख फारसी किंवा अरबी असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाची त्या लेखांसाठीची शाखा नागपूरलाच आहे. फोटो आणि नकाशा पाठवा. मोडी कागद घरोघरी असतील तर विकत मागू नका, घरीच ठेवून फोटो घ्या.

गावातल्या चार-पाच पोरापोरींना वाटाड्या म्हणून तयार करा. अर्ध्या तासात सांगून संपेल एवढंच. फातिहा किंवा आरती चालू झाली की बोलणं बंद, आणि रडत बसलेल्या माणसाजवळून घोळका न्यायचा नाही. इथे लोक आधी दुःख घेऊन येतात, सहलीला नंतर.

यात्रा आणि उर्स

25 जानेवारी 2005 ला सातारा जिल्ह्यातल्या मांढरदेवीला चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे भाविक गेले. फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. म्हणून नारळ फोडायची जागा खाली, सपाटीवर, वाटेपासून बाजूला असावी. पायऱ्यांवर नाही आणि दारातही नाही.

आता दाराचा हिशेब करा. दार अडीच फुटी, एकावेळी एक माणूस, डोकं टेकवून उठायला 10 सेकंद. म्हणजे मिनिटाला सहा, तासाला 360. यात्रेला 4,000 माणसं आली तर अकरा तास लागतात, आणि गर्दी अकरा तास थांबत नाही, ढकलते. त्या दिवशी आत जाणं पाळीवाल्यांपुरतं आणि मानकऱ्यांपुरतं ठेवा; बाकीच्यांना बाहेरून मुखदर्शन, आत शिरायची वाट वेगळी आणि बाहेर पडायची वेगळी. माणूस दोन सेकंदांत पुढे सरकला तर तासाला 1,800 होतात आणि तीच गर्दी अडीच तासांत निघते. चौकात चौरस मीटरला चारपेक्षा जास्त माणसं दिसली की फाटकातून आत सोडणं थांबवा. ते ओळखायचं कसं? हात वर करता येत नसेल तर वेळ निघून गेली आहे.

रांगेला बांबू बांधा, पण दर दहा मीटरवर सुटणारी गाठ ठेवा. दुकानांत गॅसचा बाटला आणि शेजारी चादरीचं दुकान, अशी जोडी नको. पोलीस ठाणं, तहसील आणि आरोग्य केंद्राला महिनाभर आधी पत्र द्या, महावितरणकडून तात्पुरती जोडणी रीतसर घ्या, आणि रात्री 10 नंतर भोंगा बंद. कंदुरीची म्हणजे नवसाचा बोकड कापून जेवण घालायची पद्धत असेल तर तिची जागा नाल्यापासून लांब ठरवा, दीड मीटर खोल खड्डा आधीच खणा आणि रोज संध्याकाळी चुना टाकून माती ओढा. जेवणावळीला पळसाच्या पत्रावळी वापरा. थर्माकोलचा ढीग पुढच्या यात्रेपर्यंत शेतांत उडत राहतो.

पैसा

दर्शनाला तिकीट लावू नका. गावाचं मन दुखतं आणि वसुलीही होत नाही. उत्पन्न पार्किंग, दुकानांचे ओटे, वाटाड्यांचं मानधन आणि जेवण यांतून काढा. पिठलं-भाकरी, रोडगे आणि वांग्याची भाजी बचत गटानं आगाऊ मागणीवर करावी, दरपत्रक दिसेल असं लावून. ट्रस्टच्या जागेतलं दुकान तीन वर्षांहून जास्त मुदतीनं द्यायचं तर 1950 च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. म्हणून अकरा महिन्यांचेच करार करा आणि गावातल्या विधवा बाया व अपंग यांना पहिले दोन ओटे राखून ठेवा.

आलेल्या शंभर रुपयांपैकी चाळीस वास्तूच्या दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात, तीस सफाई आणि पाण्याला, वीस माणसांच्या मानधनाला, दहा अडीअडचणीला, अशी वाटणी आम्ही सुचवू. दुरुस्तीच्या खात्यातून यात्रेचा मांडव कधीच नाही. 'क' वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा जिल्हा नियोजन समितीकडून मिळतो. त्या निधीतून रस्ता, पाणी, संडास होऊ शकतात, पण अंदाजपत्रकात "सुशोभीकरण" हा शब्द दिसला की त्याखाली नेमकं काय आहे ते ओळीओळीनं वाचा. चुन्याच्या भिंतीवर ग्रॅनाइट याच शब्दाखाली येतं.

कमान

एवढं सगळं झाल्यावर पैसे उरले आणि गावाला कमान हवीच असेल, तर ती मुख्य रस्त्यावर, गावाच्या फाट्याला बांधा. समाधीच्या दारात नको. खालून 5.5 मीटर मोकळी उंची ठेवा. संदलची मिरवणूक, पालखीवरचं छत्र आणि कापसाचा भरलेला ट्रक, तिन्ही तेवढ्यातून निघतात. पाया काळ्या मातीत असेल तर मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जा, नाहीतर दुसऱ्या उन्हाळ्यात खांब कलतो. नाव कोरताना बाबांचं किंवा महाराजांचं आणि गावाचं, एवढीच दोन नावं कोरा.